हमाली, तोलाई, वाराई... आणि धुलाई?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे "म्हणजे" आणि "ना" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

इअरफोन लावून लोकलमध्ये उभे असाल तर आधी बॅग पुढे घ्या, मग ऐका.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे, हा माणूस दिवसभर अंधेरीत बसून कोड लिहितो, आणि आज एकदम ट्रक धुण्यावर बोलणार? हो. भाजीपाला उतरवून झाल्यावर रिकामी गाडी साफ करणं, एवढाच विषय. पूर्ण एपिसोड. मला खात्री आहे, पंधरा मिनिटांनी तुम्ही रस्त्यावरच्या प्रत्येक आयशरच्या मागे वाकून बघाल.

माझा मामा जुन्नर तालुक्यातला. त्याची एक आयशर आहे, स्वतःची, हप्ते अजून चालू आहेत. टोमॅटोच्या सीझनला नारायणगावहून टोमॅटो, नाहीतर कोबी, फ्लॉवर, कांदा, जे असेल ते. रात्री ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण असं करत पहाटे वाशीला. कधीकधी थेट आमच्याकडे मुलुंडला किंवा घाटकोपरला. थेट आला की सकाळी आमच्या घरी चहाला येतो. त्या चहाच्या गप्पांमधून हा एपिसोड तयार झालाय. आधी सांगून ठेवतो, मी स्वतः गाडी चालवत नाही, मी फक्त प्रश्न विचारतो आणि मामा वैतागतो.

तर आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. मुंबईचा घाऊक बाजार पूर्वी शहराच्या पोटात होता. भाजी भायखळ्याला, फळं क्रॉफर्ड मार्केटला, कांदा-बटाटा मशीद बंदरच्या बाजूला. मग तो टप्प्याटप्प्यानं नवी मुंबईत गेला. कांदा-बटाटा १९८१ मध्ये, भाजी आणि फळं १९९६ मध्ये. आपण "वाशी मार्केट" म्हणतो, प्रत्यक्षात ते तुर्भ्याला आहे, ते असो. २०१६ मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, त्यामुळे काही माल वाशीला न थांबता सरळ उपनगरात यायला लागला. २०१७ च्या जुलैत जकात गेली. मुलुंड चेकनाक्यावर, दहिसरला ज्या ट्रकांच्या रांगा आपण लहानपणी बघायचो, त्या जकातीच्या रांगा संपल्या. म्हणजे गाडीचं आत येणं सोपं झालं. पण आत येऊन रिकामी झालेल्या गाडीचं पुढे काय, हा प्रश्न कुठल्याच सुधारणेत नव्हता.

आता मूळ मुद्दा. गाडी रिकामी झाली म्हणजे नक्की काय झालं?

आपल्याला वाटतं, कॅरेट उतरले, फाळका लावला, संपलं. पण तुम्ही एकदा हौद्यात चढून बघा. मी चढलोय. टोमॅटोची गाडी असेल तर तळाचे काही कॅरेट दबलेले असतात, त्यातला रस खाली पत्र्यावर उतरतो. आणि टोमॅटोचा रस आंबट असतो, तो पत्र्याच्या सांध्यात बसला की पत्रा खायला लागतो. मामा म्हणतो, "टोमॅटोवाल्याची गाडी खालून सडते, माणूस वरून." (हसतो.) कोबीची गाडी असेल तर पाला. उतरवताना वरची खराब पानं तिथेच तोडून टाकतात, ती पायाखाली येतात, चिखल होतो. कोबी-फ्लॉवरमध्ये गंधकाची संयुगं असतात, त्यामुळे तो पाला सडला की जो वास येतो तो टोमॅटोपेक्षा कितीतरी वाईट. कोथिंबीर-मेथीच्या गाडीत पाणी असतं, कारण जुड्या ताज्या राहाव्यात म्हणून वरून पाणी मारलेलं असतं. आणि कांदा? कांदा दिसायला सगळ्यात सोपा. कोरडा माल, टरफलं उडतात, खराटा मारला की झालं. पण त्या टरफलांवर काळी पूड दिसते ना, आपण घरी कांदा सोलताना बोटांना लागते ती, ती बुरशी आहे. पुढच्या खेपेला त्याच हौद्यात काही ओलसर गेलं की तिला आयतं घर मिळालं.

त्याशिवाय पेंढा. माल दबू नये म्हणून खाली-बाजूला भाताचा पेंढा टाकतात. ओला पेंढा आणि सडका पाला एकत्र आला की तो झाडून निघत नाही, खरवडून काढावा लागतो.

तर माझा इंजिनिअरी मेंदू काय म्हणतो? गाडी ही स्टेटलेस नाही. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: काही प्रोग्रॅम असे असतात की प्रत्येक वेळी कोरी पाटी, आधी काय झालं त्याचा परिणाम नाही. आणि काही प्रोग्रॅम आधीचं लक्षात ठेवतात. ट्रक लक्षात ठेवतो. कालचा माल आजच्या मालाला भेटतो. गाडी धुणं म्हणजे ती आठवण पुसणं.

आता धुतात कसं, हे जरा नीट सांगतो, कारण यात एक क्रम आहे आणि तो मला फार आवडला.

मामाचा पहिला नियम, पाणी लगेच मारायचं नाही. आधी कोरडं काढायचं. खराट्यानं, फावड्यानं, सांध्यातलं जुन्या स्क्रू-ड्रायव्हरनं. सगळा पाला, पेंढा घमेल्यात. कारण आधीच पाणी मारलं की पाल्याचा लगदा होतो, तो फळ्यांच्या फटीत जाऊन बसतो आणि मग देवसुद्धा काढू शकत नाही. मग गाडी अशी लावायची की तोंड चढावर, फाळका उताराला. पाणी आपोआप मागे वाहून जातं. पाइप पुढच्या कोपऱ्यापासून सुरू करायचा आणि मागे यायचं, उलटं नाही. आपण घरात लादी पुसताना दाराकडे मागे मागे येतो, तसंच. मग साबणाची पावडर आणि घासणं. मग पुन्हा पाणी. मग बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून ते शिंपडणं, थोडा वेळ ठेवणं, पुन्हा धुणं. आणि शेवटी सुकवणं.

बरेच जण यातला साबण गाळतात आणि थेट ब्लीचिंग मारतात. वास दबतो, पार्टी खूश. पण क्लोरीनची एक गंमत आहे. घाण असेल तर ते घाणीवरच खर्च होऊन जातं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी स्वच्छ, मग निर्जंतुक. दवाखान्यात, हॉटेलच्या किचनमध्ये, सगळीकडे क्रम हाच. मामाला क्लोरीनची केमिस्ट्री माहीत नाही, पण तो म्हणाला, "शेणावर अत्तर शिंपडून काय होतंय?" तेच ते.

आणि सुकवणं. हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ओल्या हौद्यावर ताडपत्री टाकून निघालात की तुम्ही बुरशीसाठी तंबू उभारला. त्यातून हौद्याला खाली लाकडी फळ्या असतील तर अजून वाईट, लाकूड पाणी पिऊन बसतं. पावसाळ्यात सुकवायचं कुठे? याचं उत्तर मामाकडेही नाही.

इथे एक सूचना, ही खरंच लक्षात ठेवा, गाडी नसली तरी घरी बाथरूम असतंच. मासळीच्या वासावर लिंबू चालतं, कारण तो वास ज्या रसायनाचा असतो ते अल्कधर्मी असतं आणि आम्लानं दबतं. म्हणून आपल्याकडे मासे साफ केल्यावर हाताला लिंबू चोळतात. काही ड्रायव्हर तीच युक्ती गाडीत करतात, व्हिनेगर नाहीतर ॲसिड मारतात. ठीक आहे. पण त्यावरच ब्लीचिंग टाकलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद कंटेनरच्या आत माणूस उभा असताना हे झालं तर जीव जाऊ शकतो. एक वापरा, नीट धुवा, दारं उघडी ठेवा. दोन्ही एकत्र कधीच नाही.

बरं, हे सगळं करतं कोण? आणि कुठे?

कोण, ते गाडीवरच्या पोस्टच्या नावातच आहे. ड्रायव्हर आणि क्लीनर. गावाकडे त्याचा "किलनर" होतो. इतक्या वेळा हा शब्द ऐकला, पण त्याचा अर्थ "साफ करणारा" आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पोस्टचं नाव सफाईवरून, पण पगार कशाचा? सोबतीचा, रात्री ड्रायव्हरला जागं ठेवायचा, घाटात चाकाला दगड लावायचा, ताडपत्री बांधायचा. साफसफाई त्यातच आली, असं धरलेलं.

मामाकडे एक पोरगा आहे, गावचाच, एकोणीस-वीस वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात कोबीची गाडी धुताना बुळबुळीत पत्र्यावरून घसरला, मनगट मोडलं. दीड महिना घरी. माल ज्याचा होता त्याच्या दृष्टीनं माल उतरला तेव्हाच काम संपलं होतं. पुढचं भाडं ज्याचं होतं त्याच्या दृष्टीनं काम अजून सुरूच व्हायचं होतं. म्हणजे पोरगा पडला तेव्हा तो कुणाच्याच कामावर नव्हता! दवाखान्याचा खर्च मामानं केला. मामाचा स्वतःचा नफा त्या महिन्यात किती उरला असेल, तुम्ही अंदाज करा.

आणि कुठे धुवायची? उपनगरात जागा नाही हो. आमच्याकडे मुलुंडला पहाटे माल उतरतो, मग सकाळी अवजड गाड्यांच्या बंदीची वेळ व्हायच्या आत बाहेर पडायचं असतं. सर्व्हिस रोडला लावून धुवायला गेलं की पाणी कुठून आणायचं इथपासून सुरुवात. समोरच्या सोसायटीचा वॉचमन ओरडतो, आणि तो चूक नाही. पाला गटारात जातो. जूनमध्ये ते गटार तुंबलं की आपणच व्हिडिओ काढून टाकतो, "बघा आमच्या एरियाची अवस्था." तर मामा इथे फक्त कोरडं झाडतो, पाला गोणीत भरतो, बाजारातल्या कचऱ्यात टाकतो, आणि पाणी मारायला भिवंडीच्या बाजूला वॉशिंगवाल्याकडे जातो. तिथे रॅम्प असतो, प्रेशरचा पाइप असतो. चारशे-पाचशे रुपये आणि नंबर लागेपर्यंतचा वेळ. पैसे एक वेळ जाऊ देत, वेळ जास्त महाग.

कारण परतीचं भाडं थांबत नाही. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी, ट्रकच्या धंद्यात एकाच बाजूच्या भाड्यावर काही उरत नाही. जाताना टोमॅटो, येताना काहीतरी हवंच. भिवंडीची गोदामं त्यासाठीच. बिस्किटं, साबण, प्लॅस्टिकचा माल, खताच्या गोण्या, औषधफवारणीचे डबे, मशीनचे पार्ट. जे मिळेल ते. आणि रात्री पुन्हा त्याच हौद्यात टोमॅटो.

मागच्या वर्षी मामा असाच एका गोदामावर गेला, नाव नाही सांगत. खाऊचा माल होता, पुठ्ठ्याचे बॉक्स. सुपरवायझरनं हौद्यात डोकं घातलं, म्हणाला, "कोबीचा वास येतोय, चालणार नाही." मामानं पहाटेच धुतली होती, पण सुकली नव्हती. "साहेब, दोन तास थांबा, ऊन लागू द्या." साहेब थांबले नाहीत. मामा रिकामा घाट चढून घरी गेला. मला सांगताना तो सुपरवायझरवर चिडलेला नव्हता, हे मला विशेष वाटलं. म्हणाला, "त्याचं बरोबर होतं रे. पण मी धुतली त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, आणि धुतली नाही म्हणून भाडं मात्र गेलं."

सुपरवायझरचं बरोबर का होतं, ते सांगतो, कारण इथे विषय फक्त वासाचा राहत नाही.

१९५८, केरळ. गव्हाचं पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. कारण? वाहतुकीत, जहाजावर, पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक सांडून ते अन्नधान्याला लागलं होतं. कुणी विष घातलं नव्हतं. दोन माल जवळजवळ गेले, एवढंच. चौकशीसाठी न्यायमूर्ती शहांचा आयोग बसला, आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्याच्या नियमांत आजही आहे की कीटकनाशक अन्नाच्या किंवा जनावरांच्या खाद्याच्या संपर्कात येईल अशा पद्धतीनं न्यायचं नाही, ठेवायचं नाही. आपल्या देशात कीटकनाशकाचा कायदाच मुळात वाहतुकीतल्या एका सांडण्यातून आलाय, हे मला हा एपिसोड तयार करताना कळलं.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. १९९४. एका मोठ्या आइस्क्रीम कंपनीच्या आइस्क्रीममधून साल्मोनेला पसरला, आणि नंतरच्या अभ्यासातला अंदाज होता सुमारे २ लाख २४ हजार लोक आजारी. आइस्क्रीमचं मिश्रण व्यवस्थित पाश्चराइझ केलेलं होतं. पण ते ज्या टँकरमधून कारखान्यात आलं, त्या टँकरनं आधी कच्ची, पाश्चराइझ न केलेली अंडी वाहिली होती. आणि कारखान्यात मिश्रण पुन्हा तापवलं गेलं नाही. कालच्या मालाची आठवण, टँकरच्या आत!

त्याच्याही आधी तिकडे एक भयंकर प्रकार चालायचा, जाताना ट्रकमधून अन्न आणि परतीच्या भाड्यात शहराचा कचरा. हसू नका, खरं आहे. त्यावरून १९९० मध्ये कायदा झाला, आणि २०१६ मध्ये अन्नवाहतुकीच्या स्वच्छतेचा सविस्तर नियम आला. आज तिकडे ट्रेलर धुण्याची ठिकाणं असतात, धुतल्याची पावती मिळते, माल भरायच्या आधी ती पावती मागणारे असतात, आणि बऱ्याचदा त्या पावतीचे पैसे ड्रायव्हरला परत मिळतात. सगळं आलबेल आहे असं नाही म्हणत मी. पण धुणं हे काम आहे आणि त्याला पावती असते, एवढं तरी तिथे ठरलेलं आहे.

आपल्याकडे नियम नाही का? आहे. २०११ चे अन्नसुरक्षेचे परवाना-नोंदणीचे नियम काढा, त्याची चौथी अनुसूची. त्यात लिहिलंय की अन्न वाहून नेणारं वाहन स्वच्छ असलं पाहिजे, आणि एकाच वाहनातून वेगवेगळे अन्नपदार्थ किंवा मासे, मांस, अंडी असा जोखमीचा माल जात असेल तर दोन खेपांच्या मध्ये नीट साफसफाई आणि निर्जंतुकीकरण झालं पाहिजे. कागदावर उत्तम आहे. दोन खेपांच्या मध्ये. पण तो "मध्ये" कुणाचा?

मी मामाला म्हटलं, मला तुझी पट्टी दाखव. त्यानं ओळखीच्या शेतकऱ्याची एक कांद्याची हिशोबपट्टी व्हॉट्सॲपवर पाठवली. ज्यांनी कधी पट्टी बघितली नाही त्यांना सांगतो, शेतकऱ्याचा माल विकला की त्याला जो कागद मिळतो तो. वर मालाची किंमत, खाली कपाती. हमाली, माल उचलायची. तोलाई, तोलायची. वाराई, गाडीतून माल खाली करायची. भाडं. या ओळी काही सहज आलेल्या नाहीत बरं. १९६९ चा माथाडी कायदा आहे त्यामागे, पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसांनी लढून मिळवलेला. आणि या ओळी इतक्या खऱ्या आहेत की २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात हमाली, तोलाई, वाराई कुणी द्यायची यावरूनच कांद्याचे लिलाव अडले होते. कुणी द्यायची हा वाद आहे. पण काम झालं, त्याचे पैसे लागतात, हे सगळे मान्य करतात.

धुलाईची ओळ नाही. वादसुद्धा नाही! वाद व्हायला आधी ओळ तरी लागते.

शेतकरी म्हणणार, माझा माल पोचला. अडत्या म्हणणार, माल माझ्या गाळ्यावर आला, गाडीशी माझा काय संबंध. परतीचा माल देणारा म्हणणार, मला स्वच्छ गाडी पाहिजे, ती स्वच्छ कशी झाली ते तुझं तू बघ. तिघंही आपापल्या जागी बरोबर. आणि मध्ये मामा, खराटा घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, ॲप काढ ना! दर वेळी कुणीतरी म्हणतंच. घाटकोपरहून मेट्रो पकडून अंधेरीला जाताना मी यावर बराच विचार केलाय, आणि मला एक विचित्र गोष्ट सापडली. आज ट्रकबद्दल आपल्याकडे प्रचंड डेटा आहे. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा, म्हणजे टोलनाका कधी ओलांडला ते कळतं. जीपीएस आहे. ई-वे बिल आहे, त्यात कुठला माल, कुठल्या नंबरच्या गाडीतून. पण ताजी भाजी जीएसटीतून मुक्त आहे, त्यामुळे तिला ई-वे बिल लागत नाही. म्हणजे बिस्किटांची खेप नोंदली जाते, आणि त्याआधीची कोबीची खेप सिस्टीमच्या दृष्टीनं झालीच नाही! गाडीला आठवतंय, कॉम्प्युटरला आठवत नाही. जी माहिती सुपरवायझरला हवी होती, या हौद्यात आधी काय होतं आणि तो कधी धुतला, ती सोडून बाकी सगळी उपलब्ध आहे.

मी मामाला सुचवलं, एक साधी वही कर. शेवटचा माल, उतरवल्याची वेळ, धुतल्याची वेळ, वॉशिंगवाल्याची पावती चिकटव, रिकाम्या हौद्याचा फोटो काढ आणि गोदामवाल्याला निघायच्या आधीच पाठव. मामाचं उत्तर, "भाच्या, फोटोत वास येतो का?" बरं, हा मुद्दा बरोबर आहे. पुढे म्हणाला, "आणि फोटो पाठवला की तो म्हणणार, आता रोज पाठव. एक काम फुकट होतं, त्यात दुसरं फुकट." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे फार करतो. नोंद ठेवायची सोय करून देतो आणि समजतो की प्रश्न सुटला. पण काम करणाऱ्याला त्या नोंदीचे पैसे मिळत नसतील तर ती नोंद त्याच्यावरचा पहारा होते.

मग आम्ही दुसरं केलं. वही ठेवली, पण भाड्याच्या बोलीत एक ओळ वाढवली. "भाडं एवढं, धुलाई वेगळी, पावतीप्रमाणे." चारशे रुपये असतील तर चारशे. पावती नसेल तर काही नाही. मामा आधी लाजत होता म्हणायला. "धुलाई" शब्दाला आपल्याकडे दुसरा अर्थ आहे ना, तो म्हणाला, पार्टीला वाटायचं मी धमकी देतोय. (हसतो.)

दोन नेहमीच्या पार्ट्यांना सांगितलं. एकानं दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाला, पण अट घातली की गाडी सुकलेली पाहिजे, नुसती धुतलेली नाही. म्हणजे त्याला कळलं होतं! दुसऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. त्याला दुसरी गाडी मिळाली असणार, रस्त्यावर गाड्यांची काही कमी नाही. मामा म्हणतो, हिशोब सध्या बरोबरीत आहे.

त्या पोराचं मनगट आता ठीक आहे, तो परत गाडीवर आलाय. मामानं त्याला गमबूट घेऊन दिलेत. पावसाळ्यात सुकवायचं कसं, हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. मी पंखा सुचवला, बॅटरीवरचा, मामानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी सांगत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी टेम्पो, ट्रक, पिकअप असेल, अगदी छोटा हत्ती असला तरी चालेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. पावसात हौदा कसा सुकवता? आणि धुण्याचे पैसे कुणी देतं का, किती देतं, कुठल्या मालाला देतं? मासळीवाल्यांनी तर नक्की पाठवा, तुमच्याकडे यावर आमच्यापेक्षा जास्त अनुभव असणार. जमल्या तर पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो, नाव सांगायचं नसेल तर तसं आधीच सांगा.

चला, घाटकोपर आलं असेल तर उतरा. भेटू.